पहिली गाडी हलणार नव्हती

"नाना, पुढच्या सीझनला नक्की बघू," कुलथे सर म्हणाले आणि त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

मी बिस्किट घेतलं नाही. शेजारी बसलेल्या सेल्वमने घेतलं. सेल्वम कोइमतूरच्या टीमचा मॅनेजर. त्याला मराठी येत नाही, पण आमच्याकडे इतक्या वेळा आलाय की 'पुढच्या सीझनला' एवढं त्याला बरोबर कळतं. त्याने बिस्किटाचा तुकडा तोडला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. मागच्या सीझनलाही आम्ही हेच ऐकलं होतं.

नाशिकला आग्रा रोडवरच्या एका हॉटेलात रॅलीचं ऑफिस थाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेठच्या बाजूला पहिली गाडी सुटणार होती. आम्ही दोघं रॅलीतल्या आठही टीमच्या वतीने बोलायला बसलो होतो आणि बोलणं संपत आलं होतं.

हे काय प्रकरण आहे ते आधी सांगतो. मी अंबडच्या एमआयडीसीत गॅरेज चालवतो आणि त्याच्या जोडीने रॅलीची एक टीम. रॅली म्हटल्यावर आमच्या नातेवाइकांना झेंडे आणि घोषणा आठवतात. एका मावशीने तर कुठल्या पक्षाकडून, असंही विचारलं होतं. ही मोटारींची रॅली. यात सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत. रहदारीला बंद केलेल्या कच्च्या रस्त्यावर एकेक गाडी सोडतात, दोन गाड्यांत एक मिनिटाचं अंतर ठेवतात, आणि कोणाला किती वेळ लागला ते मोजतात. रस्त्याच्या अशा एका तुकड्याला स्टेज म्हणतात. गाडीत दोघं असतात, ड्रायव्हर आणि नॅव्हिगेटर. कुठलं वळण किती आवळतं, चढ संपल्यावर रस्ता कुणीकडे जातो, हे नॅव्हिगेटरने आधी फिरून लिहून घेतलेलं असतं. त्याला पेस नोट्स म्हणतात. धुळीत ड्रायव्हरला पुढचं दिसत नाही. नॅव्हिगेटर वाचतो आणि ड्रायव्हर ते ऐकून गाडी चालवतो.

माझ्या टीमचा ड्रायव्हर भूषण, नॅव्हिगेटर कीर्ती. कीर्ती एरवी गंगापूर रोडला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते. मागच्या वर्षी पेठच्या पुढच्या एका स्टेजवर त्यांची गाडी घसरली आणि दगडी बांधावर आदळली. भूषण खिडकीतून बाहेर आला. कीर्तीच्या बाजूचं दार आत चेपलं होतं आणि तिचा पाय दार अन् सीटच्या मध्ये सापडला होता. ॲम्ब्युलन्स आली, डॉक्टर आले. सगळे गाडीभोवती उभे राहिले, कारण पत्रा कापायला कोणाकडे काहीच नव्हतं. शेवटी जवळच्या गावातून ग्रिलची कामं करणाऱ्या एकाला त्याच्या जनरेटरसकट आणला. त्याच्याकडे ग्राइंडर होता. ग्राइंडरने ठिणग्या उडतात, आणि गाडीखाली पेट्रोल गळत होतं. आम्ही कीर्तीवर ओली पोती टाकली आणि देवाचं नाव घेऊन कापायला सुरुवात केली. पोत्याखालून ती विचारत होती, "नाना, अजून किती?" मी दर वेळी म्हणत होतो, "झालंच."

पाय वाचला. पण घोट्यात वळत नाही. बरी झाल्यावर ती परत गाडीत बसली. का बसलीस म्हणून सगळ्यांनी विचारलं. "घरी बसलं की जास्त दुखतो," एवढंच ती सांगते.

पत्रा कापायचं एक हायड्रॉलिक कटर मिळतं. ठिणगी न उडवता दार कापतं. ते ठेवलेली एक रेस्क्यू व्हॅन आणि ते चालवायला शिकलेली माणसं, प्रत्येक स्टेजला एक. आमची मागणी एवढीच होती. या खेळाची सर्वोच्च संस्था म्हणजे फेडरेशन. लायसन्स, नियम, पेनल्टी, सगळं त्यांच्या हातात. त्यांचं ऑफिस लांबच्या शहरात, आणि तिथे बसून ते उंटावरून शेळ्या हाकतात. मी मेल केली की उत्तर यायचं, 'नोटेड.' बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. इथे बैल जाऊनही झोपा करायला कोणी तयार नव्हतं.

म्हणून टीमना एकत्र आणायचं मी मनावर घेतलं. लोक हसले. एकमेकांना हरवण्यासाठी जगणारी माणसं एकत्र कशी येतील? पण आमच्यात एक रीत आहे, ती बाहेरच्यांना माहीत नसते. शर्यतीत कोणाची गाडी मोडली तर ज्याच्याकडे पार्ट असेल तो देतो. पुढे असणाऱ्यालाही देतो. एकदा भूषणचा ड्राइव्हशाफ्ट तुटला तेव्हा सेल्वमने स्वतःच्या व्हॅनमधून काढून दिला, आणि त्या दिवशी भूषणने सेल्वमच्याच ड्रायव्हरला हरवलं. सेल्वम हात मिळवायला आला तेव्हा त्याच्या शर्टावर तेच ग्रीस होतं. अशी माणसं शब्द पाळतील असं मला वाटलं. अजूनही वाटतं, तेच तर दुखतं.

माझ्या शेडमध्ये मीटिंग झाली. आठही टीम आल्या. सगळ्यात शेवटी सिन्नरचा गणपत बोलला. गणपतच्या घरची काळी-पिवळी जीप सिन्नर-घोटी लाइनला चालते. गाडी हाणायला तो तिथेच शिकला. शर्यतीला त्याची एक जुनी जिप्सी आहे आणि नॅव्हिगेटर म्हणून त्याचा मेहुणा बसतो. तो म्हणाला, "नाना, कीर्तीताईवरचं पोतं मी धरलं व्हतं. मला काय इचारता? तुमी म्हनाल तसं."

तर अशी ही आमची एकजूट, आणि समोर कुलथे सर. ते क्लार्क ऑफ द कोर्स, म्हणजे रॅलीचे मुख्य अधिकारी. नाशिकचेच, भला माणूस. पण वरून आलेला निरोप वाचून दाखवण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं.

"एक कटर मिळालंय," ते म्हणाले. "ते मुख्य ऑफिसला ठेवू."

"मुख्य ऑफिस म्हणजे?"

"म्हणजे इथे."

"हॉटेलात कोणाचा पाय अडकणार आहे, सर?"

त्यांनी बिस्किटांची बशी परत आपल्याकडे ओढली. मग म्हणाले, "नाही दिलं तर काय करणार आहात?"

"उद्या एकही गाडी सुटणार नाही."

कुलथे सरांनी चष्मा काढून पुसला. "नाना, मी तीस वर्षं या लोकांना बघतोय," ते म्हणाले. "सुटतील."

मला राग आला. आता वाटतं, त्या खोलीत आमच्या माणसांना नीट ओळखणारे तेच एकटे होते.

खाली पार्किंगमध्ये सगळे वाट बघत होते. मी म्हटलं, गाड्या ट्रेलरवरून उतरवूच नका. चाव्या माझ्याकडे द्या आणि घरी जाऊन झोपा. भूषणने नकारार्थी मान हलवली. "ट्रेलरवर ठेवली तर लोक म्हणतील इंजिन बसलं. नाही म्हणायचं ना? मग गाडी तयार पाहिजे, हेल्मेट डोक्यावर पाहिजे, मार्शल समोर पाहिजे. तेव्हा नाही म्हणायचं. सगळ्यांच्या तोंडावर."

"यस," सेल्वम म्हणाला. "ऑन द लाइन."

सगळ्यांना ते एकदम पटलं. मर्दानी वाटलं असणार. मला पटत नव्हतं, पण आठ ड्रायव्हर पहिल्यांदाच एका सुरात बोलत होते. तो सूर मोडायचं माझ्या जिवावर आलं. आणि हिशोबही सोपा होता. स्टार्टला रस्ता अरुंद, एका बाजूला दरड, दुसरीकडे ओहोळ. पहिली गाडी उभी राहिली की मागच्या सगळ्या आपोआप उभ्या. पहिला नंबर भूषणचा, कारण तो चॅम्पियनशिपमध्ये पुढे होता. म्हणजे करायचं काय, तर एका माणसाने काही करायचं नाही. गाडीत त्याच्या शेजारी कीर्ती. याहून पक्की व्यवस्था कुठली?

सकाळी घाटात चांगली गर्दी होती. आसपासच्या पाड्यांवरचे लोक दरडीवर बसले होते. कॅमेरे होते, स्पॉन्सरची माणसं टोप्या वाटत होती. मला स्टार्टपाशी उभं राहू दिलं होतं, कारण काय होणार हे कुलथे सरांना ठाऊक होतं. तेही शेजारी येऊन उभे राहिले.

भूषणची गाडी रेषेवर आली. कीर्तीने खिडकीतून टाइम कार्ड दिलं. त्यावर सुटायची वेळ लिहून देतात. कार्ड परत घेताना तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. वर्षभरात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

स्टार्ट कसा देतात ते सांगायला हवं. शेवटचे पाच सेकंद उरले की मार्शल ड्रायव्हरच्या काचेसमोर पंजा उघडा धरतो आणि एकेक बोट मिटतो. शेवटचं बोट मिटलं की गाडी सुटते. त्या वेळी इंजिन ओरडत असतं, गिअर पडलेला असतो, आणि सगळं क्लचवरच्या डाव्या पायावर तोललेलं असतं. भूषण हे सतराव्या वर्षापासून करत आला आहे. तो झोपेत असताना कोणी समोर बोटं मिटली तर त्याचा पाय उठेल, असं आम्हीच त्याला चिडवायचो.

मार्शलने पंजा धरला. बोटं मिटत गेली. मी भूषणच्या हेल्मेटकडे बघत होतो, ते अजिबात हलत नव्हतं. शेवटचं बोट मिटलं.

गाडी सुटली.

क्षणभर मला कळलंच नाही. अंगावर खडी उडाली, धूळ उडाली, आणि दरडीवरचे लोक ओरडले. धूळ बसली तेव्हा रेषेवर काही नव्हतं. कुलथे सर शेजारी होते, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढी माणुसकी त्यांनी दाखवली.

दुसरी गाडी सेल्वमची. ती पुढे आली. सेल्वम पलीकडच्या कडेला उभा होता आणि मला काहीतरी विचारत होता. ओठ दिसत होते, आवाज येत नव्हता. मी काय सांगणार? त्याने आणखी थोडं थांबून पाहिलं आणि ड्रायव्हरला हाताने खूण केली. जा. तिसरी गेली. चौथी गेली. मग तर ते नेहमीचंच झालं. दर मिनिटाला पंजा, बोटं, धूळ. आदल्या दिवशी पार्किंगमध्ये सगळ्यात मोठ्याने बोललेला पुण्याचा ड्रायव्हर सहावा होता. त्याने तर उत्तम स्टार्ट घेतला.

शेवटी गणपत आला. जिप्सी सगळ्यात संथ, म्हणून नंबर शेवटचा. मार्शलने बोटं मिटली. जिप्सी जागेवर.

मार्शलला वाटलं, याला दिसलं नाही. त्याने हाताने पुढे व्हायची खूण केली. गणपतने इंजिन बंद केलं. आपल्यामागे एकही गाडी नाही, आपण उभं राहिल्याने कोणाचंच काही अडत नाही, हे त्याला माहीत होतं. मी धावत गेलो. म्हटलं, "गणपत, जा रे बाबा. सगळे गेले."

हेल्मेटच्या आतून तो म्हणाला, "नाना, तुमीच म्हनला व्हता ना, हलायचं नाय?"

शेवटी जिप्सी चारजणांनी ढकलून बाजूला लावली. त्यात एक मी होतो.

दुपारी सर्व्हिस पार्कमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या मैदानात, भूषणची गाडी आली. मी शिव्या तयारच ठेवल्या होत्या. त्याने हेल्मेट काढलं आणि त्याचा चेहरा बघून मी त्या गिळल्या. "पाय सुटला, नाना," तो म्हणाला. "आईशप्पथ, मी ठरवलं होतं. बोट मिटलं आणि पाय सुटला. मग थांबवणार कुठे? मागून दुसरी आली असती तर आमच्यावरच आदळली असती." तो खोटं बोलत नव्हता. तो खोटं बोलत असता तर मला बरं वाटलं असतं. निदान कोणावर तरी राग काढता आला असता.

कीर्ती टायरवर बसून पाय चोळत होती. ती म्हणाली, "मी थांब म्हणाले. पण तोवर पहिलं डावं वळण आलं होतं, पलीकडे उतार. मग नोट्स वाचायला लागले. न वाचून काय करणार होते, सांगा ना." तिचा आवाज अगदी साधा होता. ज्या दिवशी उभं राहायचं होतं त्या दिवशी तिला सगळ्यात वेगाने जाण्यासाठी तोंड चालवावं लागलं. सगळ्यात कमी वेळ त्यांचाच लागला होता.

संध्याकाळी हॉटेलात गणपतची सुनावणी होती. रॅलीत तीन स्टुअर्ड असतात, म्हणजे पंच. शिस्तभंगाचा निर्णय ते तिथल्या तिथे देतात. दाराबाहेर कुलथे सरांनी गणपतला कोपऱ्यात घेतलं.

"क्लच अडकला म्हण. थोडी पेनल्टी लागेल, लायसन्स वाचेल."

"क्लच चांगला हाय, सर."

"अरे, नुसतं म्हणायचं."

"खोटंच बोलायचं व्हतं तर मंग मी उभा कशाला ऱ्हायलो?" गणपत म्हणाला. रागाने नाही. खरंच त्याला ते कळत नव्हतं.

आत मी सांगितलं की हा आठही टीमचा निर्णय होता. मुख्य स्टुअर्डने बाकीच्या मॅनेजरांना बोलावलं. "वी वेअर ओन्ली डिस्कसिंग," सेल्वम म्हणाला. "नथिंग फायनल." हे बोलताना तो टेबलाकडे बघत होता. दुसरा म्हणाला, मीटिंगला होतो, पण मध्येच निघालो. तिसऱ्याला नीट आठवत नव्हतं. पळसाला पानं तीनच. ड्राइव्हशाफ्ट काढून देणारे हेच हात होते. लोखंड द्यायला माणसाला काही वाटत नाही, आपलं नाव द्यायचं म्हटलं की हात आखडतो.

तेवढ्यात कीर्ती आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. खाली हॉलमध्ये बक्षीस समारंभ चालू होता आणि तिचं नाव पुकारलं जात होतं. ती जिना चढून वर आली होती. त्या पायाने जिना चढणं म्हणजे काय ते मला माहीत आहे.

"शब्द आमच्या गाडीने मोडला," ती म्हणाली. "याने पाळला. शिक्षा करायची तर आम्हाला करा."

मुख्य स्टुअर्ड सभ्य माणूस होता. त्याने तिला खुर्ची दिली. "मॅडम, युअर कार स्टार्टेड ऑन टाइम," तो म्हणाला. "देअर इज नो कम्प्लेंट अगेन्स्ट यू."

ती खुर्चीत बसली आणि रडली. मोठ्याने, सगळ्यांसमोर. ओल्या पोत्याखाली ती रडली नव्हती.

गणपतचं लायसन्स पूर्ण सीझनसाठी सस्पेंड झालं. मेहुण्याचंही. पार्किंगमध्ये त्याने हेल्मेट जिप्सीत टाकलं आणि म्हणाला, "जाऊ द्या, नाना. तसंबी उद्या लाइनवर ड्रायव्हर नाय, मलाच जावं लागल." मग जिप्सीत बसता बसता, "पन आता तरी व्हॅन येईल ना?"

"बघू," मी म्हणालो. माझ्या तोंडून कुलथे सरांचाच शब्द आला.

व्हॅन आली, खरंच आली. पुढच्या रॅलीच्या आधी फेडरेशनचं सर्क्युलर निघालं, आणि आमच्या सगळ्या मेलला मिळून आलेलं ते पहिलं सविस्तर उत्तर होतं. स्टार्टवर न हलणाऱ्या गाडीमुळे स्पर्धेचा खोळंबा होऊ नये, म्हणून यापुढे प्रत्येक स्टेजच्या सुरुवातीला एक रिकव्हरी व्हॅन राहील. मी जाऊन पाहिली. नवी कोरी गाडी, मागे विंच, जाड साखळ्या, ट्रेनिंग घेतलेली दोन माणसं. मी त्यांना विचारलं, पत्रा कापायचं काही ठेवलंय का?

"नाय हो," त्यातला एक म्हणाला. "आमचं काम फक्त ओढायचं."

आठ टीमनी एकत्र येऊन प्रत्येक स्टेजला एक गाडी मागितली होती. ती मिळाली. तरीही उद्या कोणाला ड्रायव्हर लोकांची एकजूट करायची हौस आली, तर धंद्यातला अनुभव म्हणून एवढंच सांगतो. बोटं मिटली की निघायचं, एवढं एकच जो आयुष्यभर शिकला, त्याला 'नाही' म्हणायला त्या बोटांसमोर उभा करू नका. त्याला आदल्या दिवशी घरी गाठा, चहा पाजा, आणि निघताना गाडीची चावी आपल्या खिशात टाका.